पदाच्या डोक्यावरची ओळ

(वैभववाडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांची संगीत नाटकांची जुनी पुस्तकं आता या वाचनालयात आहेत. दुपारी मी ती चाळत बसलो होतो. पानं पिवळी पडलेली, कडा वाळवीने कुरतडलेल्या, काही पदांच्या शेजारी गुरुजींनी शिसपेन्सिलीने स्वर लिहिलेले. अशा पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ असते. नाटक वाचणारा ती ओळ वाचत नाही आणि गाणाऱ्याचं तिच्यावाचून चालत नाही. ‘चाल’ असा शब्द आणि पुढे ती चाल कुठून घेतली त्याची खूण. कुठे एखाद्या हिंदी चीजेचे पहिले दोन-तीन शब्द, कुठे लावणीचे, कुठे कानडी गाण्याचे, कुठे साकी किंवा दिंडी एवढाच उल्लेख, तर कुठे नुसतं रागाचं आणि तालाचं नाव.

आजचं माझं बोलणं या ओळीभोवतीच आहे. परक्या भाषेतलं, परक्या मुलखातलं गाणं ऐकायचं, त्यात रमायचं आणि त्यातून आपलं काही करायचं, हा उद्योग मराठी माणसाने किती केला आणि कसा केला, ते या ओळीवरून कळतं. आपल्या संगीताच्या अभिमानाची भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. तो अभिमान मलाही आहे. पण ज्याचा अभिमान धरायचा ते गाणं घरात कुठल्या दाराने आलं, हे पाहायला काय हरकत आहे?

मराठी रंगभूमी दिन आपण 5 नोव्हेंबरला पाळतो, कारण 1843 साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्याच्या आदल्या वर्षी सांगलीला कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ झाले होते. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी ते पाहिले आणि असं काही मराठीत करा म्हणून भाव्यांना सांगितलं. खेळ कानडी होता आणि पाहणारे मराठी. शब्द कितीसे कळले असतील? पण सूत्रधार गातो आहे, त्याच्यामागे झांज आणि मृदंग आहे, सोंगं येऊन नाचताहेत, बोलताहेत, राक्षस आरोळ्या ठोकतो आहे, हे सगळं कळलं. दशावताराच्या मुलखात हे समजावून सांगायला नको. आपला दशावतारही त्याच यक्षगानाचा नातेवाईक मानला जातो. नाटकवाल्या मराठी माणसाने पहिला धडा गिरवला तो न कळणाऱ्या भाषेतल्या गाण्यावरून, ही गोष्ट रंगभूमी दिनाच्या भाषणांत ओझरती येते आणि लगेच ‘आद्य’, ‘जनक’ असले शब्द सुरू होतात.

पुढे 1880. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, कानडी मुलखातले. ती भाषा आणि तिची गाणी लहानपणापासून त्यांच्या कानांवर होती. त्यांनी पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ पाहिलं. मूळ रचना लखनौच्या अमानतांची, भाषा उर्दू, करणारे मुंबईचे पारशी आणि ते पाहून पेटला एक कानडी मुलखातला मराठी मास्तर! त्याने नाटक कुठलं घेतलं, तर कालिदासाचं. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं राहिलं. भाव्यांच्या नाटकात गाणं सूत्रधाराकडे होतं. किर्लोस्करांनी ते पात्रांच्या तोंडी दिलं. शकुंतला स्वतः गाऊ लागली. चाली ओळखीच्या होत्या, कीर्तनातल्या साक्या-दिंड्या होत्या, कानडी वळणाच्याही होत्या. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. त्यातली पदं आज आपल्याला इतकी घरची वाटतात, की त्यांच्या डोक्यावर कसली ओळ छापली होती हे कुणी विचारत नाही.

आता जरा कारागिरीकडे वळतो. इथे पेटीवाले बसलेत, भजनी बुवा बसलेत, त्यांना यात रस असेल.

हिंदी बंदिशीत शब्द मोजके असतात. पिया आला नाही, सासू-नणंद जागी आहे, पायातले पैंजण वाजतात, एवढ्या भांडवलावर गवई तास काढतो. शब्द मऊ, शेवटचा स्वर हवा तसा लांबवता येणारा, अर्थ कमी. नाटकातल्या पदाला हे परवडत नाही. तिथे गोष्ट पुढे न्यायची असते आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळायला हवा असतो. मग पदकर्ता त्या चालीत मराठी शब्द बसवायला घेतो आणि गोची सुरू होते. आमच्या भाषेत नामाच्या शेपटाला ‘ला’, ‘ना’, ‘ची’, ‘ने’ लागलेले असतात. सम नेमकी त्या प्रत्ययावर आली, की पद तिथेच मरतं. गवई ‘ला’वर दिमाखात येऊन थांबतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. चांगला पदकर्ता वाक्याची मोडणी अशी फिरवतो, की समेवर नाम यावं किंवा क्रियापद यावं. ते साधताना चालही किंचित हलते. एखादी जागा गाळावी लागते, एखादी तान शब्दासाठी थांबवावी लागते. मूळची ठुमरी आणि तिच्यावरून केलेलं मराठी पद शेजारी शेजारी ऐकलं, की हा बदल ऐकू येतो. मूळ चाल ओळखू येते, पण ती मराठी बोलायला लागलेली असते.

‘मानापमान’ 1911 चं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. इथून करूळ घाट चढून पलीकडे उतरलं की कोल्हापूर, तिथले. पूरबी ठुमरी-दादऱ्याचा ढंग त्यांनी खाडिलकरांच्या पदांत उतरवला. ‘स्वयंवर’ 1916 चं. भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी आणल्या. पण मला सर्वांत विलक्षण वाटतं ते 1919 चं ‘एकच प्याला’. गडकरी नाटक लिहून जानेवारीत गेले, प्रयोग त्यांना पाहायला मिळाला नाही. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली आणि चाली दिल्या सुंदराबाईंनी. गझल, कजरी, दादरा, उत्तरेकडच्या बैठकीतल्या अशा चाली. ज्या गाण्याला त्या काळी सभ्य घरातली बाई उंबरठ्यावरून आत येऊ देत नव्हती, तेच गाणं गुर्जरांनी आणि सुंदराबाईंनी नेऊन ठेवलं सिंधूच्या तोंडी. दारुड्या नवऱ्याच्या घरात जातं ओढणारी, लेकराला कुशीत घेऊन बसलेली सिंधू. बालगंधर्व ते गायले आणि प्रेक्षक रडले. बैठकीतल्या विरहाच्या चालीत खरं दुःख आहे आणि ते या बाईचंही असू शकतं, हे ओळखणारा कान त्या दोघांना होता. सुंदराबाईंचं नाव मात्र नाटकाच्या कौतुकात फार मागे पडलं. गडकरी मोठे, गंधर्व मोठे. आणि जिने कुठल्या चालीत काय मावतं हे सांगितलं, ती बाई तळटीपेत!

आता ज्या प्रश्नासाठी संयोजकांनी मला बोलावलं आहे असा माझा वहीम आहे, तिकडे येतो. आपल्याकडच्या डबलबारीत सिनेमाच्या चाली शिरल्या, भजनाचं वाटोळं झालं, ही तक्रार. मी स्वतः रात्र-रात्र डबलबाऱ्या ऐकल्यात. एका बाजूला एक बुवा, समोर दुसरा, दोघांचे मृदंगवाले हातघाईवर आलेले. रूपाचा अभंग, गजर, गवळण आणि पहाटेपर्यंत एकमेकांना काढलेले चिमटे. गजराला नव्या सिनेमाची चाल आली, की मागची पोरं शिट्ट्या मारतात आणि पुढची म्हातारी मंडळी मान फिरवतात. मी शिट्ट्या मारणाऱ्यांत नाही, मान फिरवणाऱ्यांतही नाही. किर्लोस्करांनी जे केलं तेच बुवा करतो आहे. परक्या चालीत आपला देव बसवणं यात पाप कसलं? पण अशाच एका बारीला माझ्या शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, “चाल बरी हा, पण शबूद खंय गेले?” समीक्षा अशी असावी. चाल फक्त दणक्यासाठी घेतली, विठ्ठलाचं नाव तिच्यात खुपसलं, सम ‘ला’वर आली, अर्थ वाहून गेला, तर तक्रार रास्त आहे. ती तक्रार सिनेमाविरुद्ध नाही, आळसाविरुद्ध आहे. आणि असेही बुवा आहेत, जे तीच चाल लय उतरवून घेतात, एक अक्षर इकडचं तिकडे करतात, आणि गजर असा उभा राहतो की मूळ सिनेमा कुणाला आठवत नाही.

माझी त्यांना एकच सूचना आहे. गजराआधी सांगावं, ही चाल अमुक सिनेमातली, अमुक संगीतकाराची. जुन्या नाटककारांनी ते छापून सांगितलं. त्यांना लाज वाटली नाही, कमीपणाही वाटला नाही. समोरच्या बुवाला त्यावर टोमणा मारायला आयतं सापडेल म्हणा, पण डबलबारीत त्याला कधी कमी पडलंय?

ही डोक्यावरची ओळ फक्त आपल्याकडेच होती असंही नाही. 1728 साली लंडनमध्ये जॉन गे नावाच्या लेखकाने ‘बेगर्स ऑपेरा’ केला. लंडनच्या श्रीमंतांना तेव्हा इटालियन ऑपेराचं वेड लागलेलं होतं. देवदेवता, राजेराण्या आणि फार थोड्यांना कळणारी भाषा. गेने चोर, दलाल आणि वेश्या रंगमंचावर आणल्या आणि त्यांच्या तोंडी जवळजवळ सत्तर गाणी घातली, सगळी लोकांना आधीच पाठ असलेल्या चालींवर. इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश, फ्रेंच. हेंडेलच्या ऑपेरातली एक कूचही त्याने दरोडेखोरांना देऊन टाकली. आणि त्याच्या छापील पुस्तकात प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर मूळ चालीचं नाव आहे! हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गुरुजींच्या संग्रहातल्या पुस्तकांचा भाऊच भेटल्यासारखं वाटलं.

दोनशे वर्षांनी, 1928 मध्ये, बर्लिनमध्ये ब्रेख्तने त्या नाटकावरून आपलं नाटक लिहिलं. कुर्ट वाइलने चाली नव्या केल्या, त्यांत जॅझ आला, नाचघरांचा बाज आला. जुन्यांपैकी एक चाल मात्र त्याने तशीच ठेवली. आणि आणखी पन्नास वर्षांनी, 1978 मध्ये, पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. लेखन पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे रॉकच्या ढंगाने गात होते आणि त्याच रंगमंचावर लावणी होती, नाट्यपदाचं वळणही होतं. इंग्लंडहून जर्मनी, जर्मनीहून पुणे. प्रत्येक मुक्कामावर गोष्ट तीच राहिली आणि गाणं बदललं. वाइलच्या चाली सुंदर आहेत म्हणून त्या तशाच उचलाव्यात, असा मोह पुण्याच्या मंडळींना पडला असता तर ते नाटक जर्मन सोंग झालं असतं. त्यांनी घेतली ती वाइलची युक्ती. बाजारातलं, नाचघरातलं, कमअस्सल समजलं जाणारं गाणं घेऊन प्रतिष्ठितांना चिमटा काढायचा, ही.

पेटीबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय वैभववाडीतून जाणं बरं नाही. भजनाची पेटी, दशावताराची पायपेटी. आपल्या कोकणात देवाच्या खालोखाल मान हिचाच. तिचा जन्म पॅरिसचा. अलेक्सांद्र दबँ यांनी 1842 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पायाने भाता मारायचा, युरोपी चर्चमध्ये बसून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता मागे आणला, तो हाताने मारायचा केला आणि जमिनीवर बसून वाजवता येणारी पेटी केली. परकं वाद्य आपल्या बैठकीत आणायचं तर आधी त्याला मांडी घालायला शिकवावं लागलं. 1940 मध्ये आकाशवाणीने हिच्यावर बंदी घातली. मींड येत नाही, श्रुती बसत नाहीत, वाद्य परदेशी आहे ही कारणं. 1971 पर्यंत बंदी टिकली. गंमत अशी की भारतीय संगीताच्या शुद्धतेसाठी हिच्याविरुद्ध आग्रह धरणाऱ्यांत रेडिओवरचे इंग्रज अधिकारी होते! कारणं अगदीच खोटी नव्हती. पेटीत मींड येत नाही हे खरंच आहे. पण त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनी मंडळांनी रेडिओची परवानगी मागितली नाही.

थेट पाश्चात्त्य सुराकडे कान लावून बसणारे आपल्यात आधीपासून होते. केशवराव भोळ्यांचं नाव घ्यायला हवं. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्न्सनचं, संगीत भोळ्यांचं, गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई. तानांचा पाऊस नाही. प्रसंगापुरतं, भावगीतासारखं गाणं. मग 1937 चा, ‘प्रभात’ कंपनीचा चित्रपट ‘कुंकू’. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, चित्रपटात एक इंग्रजी कविता गाते. कविता लाँगफेलोची, चाल भोळ्यांची. त्या काळच्या प्रेक्षकांपैकी किती जणांना इंग्रजी समजत असेल? पण ही मुलगी दबणारी नाही, एवढं त्या सुरावटीने सगळ्यांना सांगितलं. दोन वर्षांनी त्याच ‘प्रभात’च्या ‘माणूस’मध्ये मास्तर कृष्णरावांनी शांता हुबळीकरांना एकाच गाण्यात अनेक भाषा गायला लावल्या आणि प्रत्येक भाषेबरोबर सुराचं वळण बदललं. आजच्या भाषेत ज्याला फ्यूजन म्हणतात आणि ज्यासाठी तिकिटं लावतात, ते तेव्हा चार आण्यांत मिळत होतं.

गोव्याचे वादक हे याचं दुसरं अंग, पण तो एका व्याख्यानाचा स्वतंत्र विषय आहे. चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकून मुंबईला गेलेली ही माणसं नसती, तर सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ जसा वाजतो तसा वाजला नसता. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर 1958 मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून राग आणि हार्मनी एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. तो फार काळ चालला नाही. एवढं सांगून पुढे जातो.

उलट दिशेची वाहतूकही पाहायला हवी. तंजावरला मराठे गेले सतराव्या शतकात. 1684 ते 1712 या काळात गादीवर असलेल्या शहाजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक लिहिलं. त्यातली पात्रं तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत बोलतात. राजाला स्वतःला ती करमणूक वाटत असावी. त्याच्या दरबारात रोजचं कामकाजच असं चालत असेल. पुढे सरफोजीराजे दुसरे, 1798 ते 1832. त्यांच्या पदरी युरोपी वाद्यांचा बँड होता. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या संगीताची बाडं आहेत. त्याच काळातले मुत्तुस्वामी दीक्षितर, कर्नाटक संगीतातला केवढा मोठा माणूस! त्यांनी मद्रासकडे इंग्रजांचा बँड ऐकला आणि त्या चालींवर संस्कृत स्तोत्रं रचली. इंग्लंडच्या राष्ट्रगीताची चाल घेऊन त्यांनी देवीची आळवणी केली आहे. ‘नोट्टुस्वर’ म्हणून ती रचना आजही तिकडे मुलांना शिकवतात. त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी व्हायोलिन शिकले आणि ते वाद्य दक्षिणेच्या बैठकीत कायमचं आलं.

आणि आपल्याकडून तिकडे काय गेलं? मराठी कीर्तन गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरला जाऊन कीर्तनं करू लागले. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ती ऐकली आणि त्यावरून तमिळ हरिकथेचा नवा घाट घडवला. साकी, दिंडी, ओवी, अभंग, ही आपली वृत्तं, या नावांनीच, तमिळ हरिकथेत गेली. भागवतर मराठी शिकले असतील-नसतील, दिंडीची चाल त्यांना कळली होती. आज चेन्नईच्या मैफलीत अरुणा साईराम किंवा रंजनी-गायत्री शेवटाकडे अभंग घेतात, तेव्हा समोरच्यांपैकी बहुतेकांना मराठीचा गंध नसतो. तरी तेच अभंगाची फर्माईश करतात. त्यांचा अभंग आपल्यापेक्षा वेगळा वाजतो. मृदंगम वेगळा, लय चढवण्याची तऱ्हा वेगळी, ‘ळ’ मात्र आपल्या शहरी पोरांपेक्षा स्वच्छ. त्यांनी अभंगाचं वाटोळं केलं, असं म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. मग आपल्या बुवांना आपण हीच सवलत का देत नाही?

चाल न घेताही परक्या गाण्याचं ऋण घेता येतं. कुमार गंधर्व बेळगावकडचे, मातृभाषा कन्नड, शिक्षण मुंबईत बी. आर. देवधरांकडे. हे देवधर मास्तर स्वतः एका इटालियन शिक्षकाकडे पाश्चात्त्य संगीत शिकलेले. कुमारांना क्षय झाला, 1948 मध्ये ते देवासला गेले आणि कित्येक वर्षं गाणं बंद झालं. त्या काळात त्यांच्या कानांवर पडत होती माळव्यातल्या बायकांची गाणी. लग्नाची, पावसाची, जात्यावरची. बरे झाल्यावर त्यांनी ती गोळा केली, मैफलीतही मांडली. पण त्याहून मोठं काम वेगळं आहे. त्या धुनांत दडलेली स्वरांची वळणं शोधून त्यांनी नवे राग उभे केले, त्यांना ‘धुनउगम’ असं नाव दिलं. मालवती, संजारी, लगनगांधार. 1965 च्या ‘अनूपरागविलास’मध्ये ते सगळं छापलेलं आहे. माळव्यातली बाई जे गाते ते तिथे जसंच्या तसं सापडणार नाही. सापडते ती तिच्या गळ्याची तऱ्हा. आडवं पडून वर्षानुवर्षं ऐकल्याशिवाय हे हाती लागत नाही. तुमच्या-माझ्या खिशातला फोन अर्ध्या मिनिटात आफ्रिकेचं गाणं संपवून जपानचं लावतो, त्याने ओळख होते. सहवास घडत नाही.

याच कुमारांना एका माणसाने मराठी नाटकातल्या गाण्यासाठी बोलावलं. नाटक बाळ कोल्हटकरांचं ‘देव दीनाघरी धावला’. युगलगीत. सोबत गायला वाणी जयराम, वेल्लोरच्या, मातृभाषा तमिळ. ते गाणं इथे ज्याला येत नाही असा माणूस सापडणं कठीण. दोन्ही गळे मराठीबाहेरचे, आणि संगीतकार आपल्या सिंधुदुर्गातला. कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्याचे वसंत देसाई, जन्म 1912.

देसायांवर मी मुद्दाम शेवटी आलो. कीर्तन आणि दशावतार यांच्या मुलखातला हा पोरगा घाट चढून कोल्हापूरला ‘प्रभात’मध्ये गेला आणि मिळेल ते काम करत, ऐकत, शिकत राहिला. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, मराठीत ‘श्यामची आई’, रंगभूमीवर ‘पंडितराज जगन्नाथ’. माणूस रागदारीत पक्का. शाळकरी मुलांचे मोठे समूह एकत्र गायला लावायचा त्यांना छंद होता. शेकडो मुलांनी एकदम गायचं तर चाल कशी हवी? पल्ला फार नको, उडी अवघड नको, श्वासाला जागा हवी आणि प्रत्येक शब्द उभा राहायला हवा. ही कारागिरी त्यांनी हाताखालून घातली होती, म्हणून पुढचं काम त्यांना जमलं असं मला वाटतं.

1966 मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मींना संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या सभागृहात गायचं होतं. 23 ऑक्टोबरची मैफल. समोर जगभरचे प्रतिनिधी, त्यांतल्या बहुतेकांना कर्नाटक संगीत म्हणजे काय याची कल्पना नसणार. या प्रसंगासाठी कांचीच्या परमाचार्यांनी संस्कृतमध्ये विश्वमैत्रीची एक छोटी रचना केली, ‘मैत्रीं भजत’. राजाजींनी इंग्रजीत एक प्रार्थना लिहून दिली. तिला चाल दिली मद्रासच्या हँडेल मॅन्युअल यांनी, पाश्चात्त्य वळणाची. आणि संस्कृत रचनेला चाल द्यायला मद्रासेत थोरामोठ्यांचा दुष्काळ होता असं नाही. पण ती बांधली मुंबईच्या सिनेमातल्या एका मराठी माणसाने, वसंत देसायांनी. मदुराईची गायिका, कांचीचे शब्द, सोनवड्याचा कान आणि न्यूयॉर्कचे श्रोते. आज कर्नाटक संगीताच्या किती तरी मैफली या रचनेने संपतात. तिकडे कुणी तिला हिंदुस्तानी म्हणून वेगळी काढत नाही. इकडे आपण मात्र देसायांची जन्मशताब्दी कधी येऊन गेली तेही विसरलो.

‘मैत्रीं भजत’ असलेली दक्षिणेतली छापील पुस्तकं मी पाहिलीत. काहींत रचनेच्या डोक्यावर संगीतकार म्हणून वसंत देसायांचं नाव असतं, काहींत नुसते राग. या वाचनालयाने आपल्या भिंतीवर ते नाव एकदा नीट लिहावं. चित्रकलेचे शिक्षक समोरच बसलेत.

माझ्याकडे त्या रचनेचं ध्वनिमुद्रण आहे. चाल कुठेही घाई करत नाही, प्रत्येक शब्दाला पाय टेकायला जागा देते. मधे एका ठिकाणी सूर वर जातो, तिथे सुब्बुलक्ष्मी आपल्या पद्धतीने, दक्षिणेच्या गमकाने, तो किंचित हलवतात. देसायांनी तो हलवू दिला. तेवढी जागा ऐका. साऊंडवाले, लावा.